गुळवेल: कोणी घ्यावी, किती घ्यावी आणि किती दिवस

सोलापूरच्या रखरखीत हवेत तग धरणाऱ्या वेलींत गुळवेलीचा क्रमांक फार वरचा आहे. शहरातल्या कडुलिंबांवर, जुन्या वसाहतींच्या कुंपणांवर, गावाबाहेरच्या बांधांवरच्या बाभळींवर ती सहज चढलेली दिसते. उन्हाळ्यात तिची बहुतेक पाने गळतात, नुसत्या दोऱ्या लोंबकळत असल्यासारखी ती वाळून गेलेली वाटते, आणि मृगाच्या सरी पडल्या की त्याच दोऱ्यांना हृदयाच्या आकाराची हिरवीगार पाने फुटतात. तोडलेला तुकडा टांगून ठेवला तरी तो कित्येक दिवस जिवंत राहतो आणि त्यातून सुतासारखी मुळे खाली सोडतो. एवढी चिवट, एवढी सहज मिळणारी आणि शिवाय फुकट असलेली ही वेल २०२० सालापासून आमच्या भागातल्या अनेक घरांत रोज सकाळी उकळली जाऊ लागली. करोनाची साथ ओसरली तरी पुष्कळ ठिकाणी ती सवय तशीच राहिली आहे, आणि त्या सवयीबद्दलच मला लिहायचे आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, वैद्यकी करत नाही. त्यामुळे सुरुवात माझ्या विषयापासून, म्हणजे ओळखीपासून करते. गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. औषधात प्रामुख्याने तिचे खोड वापरतात. अंगठ्याएवढे जाड खोड हातात घेतले तर वरची साल फिकट, करडी-पिवळसर आणि कागदासारखी पातळ असते. ती नखाने खरवडली की लगेच खाली ओला हिरवा थर दिसतो. सालीवर जागोजागी बारीक उंचवटे असतात. ती खोडाची श्वसनरंध्रे होत. खोड आडवे कापले तर मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत गेलेल्या आऱ्या बैलगाडीच्या चाकासारख्या स्पष्ट दिसतात. चव कडूजहर, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. वर्गात मी पाने बाजूला ठेवून मुलांना आधी हा काप भिंगातून पाहायला लावते, कारण पानावरून केलेली ओळख फसवी ठरते. पहाडवेलीची पानेही साधारण तशीच असतात, आणि गुळवेलीच्याच कुळातल्या, टिनोस्पोरा सायनेन्सिस या जवळच्या जातीची पाने लांबून अगदी सारखी दिसतात. फक्त त्यांच्या खालच्या बाजूस लव असते.

याहून महत्त्वाचा फरक टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीचा आहे. तिच्या खोडावर दाट, ठळक गाठी असतात आणि खोड मोडले की दुधासारखा चीक येतो. गुळवेलीला असा पांढरा चीक नसतो. ही जात औषधी गुळवेल म्हणून वापरू नये, असे आयुष मंत्रालयानेही लोकांना सांगितलेले आहे. बांधावरची वेल स्वतः तोडून आणणाऱ्याला निदान हे सगळे पाहता तरी येते. बाजारातून वाळलेले तुकडे आणणाऱ्याला मात्र पान, फूल, चीक यांतले काहीच दिसत नाही. आपल्याकडे तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हिला तिप्पतीगा म्हणतात, कानडी घरांत अमृतबळ्ळी आणि मराठी घरांत गुळवेल, त्यामुळे दुकानदाराने पुडीत नेमके काय बांधून दिले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ती तसदी घ्यावी.

आता उपयोग. आयुर्वेदात गुडूची किंवा अमृता या नावाने हिचे स्थान फार मोठे आहे आणि ते उगीच नाही. जुना किंवा पुन्हा पुन्हा उलटणारा ताप, वातरक्त म्हणजे सांधे सुजून ठणकण्याचा एक प्रकार, प्रमेह म्हणजे मधुमेहासारखे लघवीचे विकार, कावीळ, त्वचेचे विकार अशा अनेक ठिकाणी वैद्य तिची योजना करतात. चरकसंहितेत तिचा रस मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धीला हितकर अशा द्रव्यांत, सांगितला आहे. अमृतारिष्ट, संशमनी वटी, गुळवेल सत्त्व ही तिची ओळखीची रूपे. सत्त्व करताना ताजे खोड कुटून रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका मुख्यतः पिष्टमयच असल्याने बाजारात त्यात दुसरे स्वस्त पिष्ट मिसळण्याचे प्रकार होतात, आणि नुसत्या नजरेने ते ओळखू येत नाहीत.

मात्रेबाबत आयुर्वेदिक औषधसंहितेने, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथाने, आकडे दिलेले आहेत: वाळलेल्या खोडाचे चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, किंवा काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड. हे आकडे मी मुद्दाम लिहिते, कारण घरोघरी ‘हातभर तुकडा’ किंवा ‘मूठभर काड्या’ हेच माप चालते आणि हातभर तुकड्याचे वजन खोडाच्या जाडीप्रमाणे कितीही निघू शकते. शिवाय ही मात्रा प्रौढ आणि अन्यथा निरोगी माणसाच्या हिशेबाची आहे. कोणाला ती कमी करायची आणि कोणाला द्यायचीच नाही, हे वैद्याने नाडी, भूक, इतर आजार पाहून ठरवायचे असते. किती दिवस घ्यायचे, हेही त्यानेच ठरवायचे. करोनाकाळात आयुष मंत्रालयाने जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यातही गुळवेलीच्या घनवटीला, म्हणजे आटवलेल्या अर्काच्या गोळीला, ठरावीक दिवसांची मुदत होती. वर्षानुवर्षे रोज उपाशीपोटी पेला भरून पिण्याची पद्धत तिच्यात कुठेही नव्हती.

यकृताचा प्रश्न इथेच येतो, आणि तो टाळून गुळवेलीविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे आढळले, ज्यांनी गुळवेल घेतली होती आणि ज्यांच्या यकृताला सूज येऊन कावीळ झाली होती. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद असलेला मोठा अभ्यास आला. अनेक रुग्णांमध्ये स्वयंप्रतिकार प्रकारच्या यकृतदाहाची, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची, चिन्हे दिसली. बहुतेकांची प्रकृती गुळवेल बंद केल्यावर आणि उपचारांनी सुधारली. ज्यांना आधीपासून यकृताचा आजार होता आणि त्याची कल्पनाही नव्हती, त्यांच्यात दुखणे विकोपाला जाण्याचा धोका अधिक होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, याची शहानिशा झालेली नाही, ती क्रिस्पा असू शकते, आणि शतकानुशतके वापरात असलेल्या औषधाला असे बदनाम करणे योग्य नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

या वादात लोक एकतर डॉक्टरांच्या बाजूने उभे राहतात किंवा आयुर्वेदाच्या, आणि मला ही विभागणीच घातक वाटते. कावीळीवर दिले जाणारे औषध कावीळ कसे करेल, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातच दडलेले आहे. गुळवेल रोगप्रतिकारशक्तीला चालना देते, हे तिचे समर्थक अभिमानाने सांगतात. ज्या माणसाची प्रतिकारयंत्रणा आधीच चुकीच्या दिशेने भडकण्याच्या बेतात आहे, त्याला ती चालना अपायकारक ठरू शकते, हे यकृततज्ज्ञ सांगतात. मला ही दोन विधाने एकमेकांना खोडणारी वाटत नाहीत. ओळखीची खात्री नसलेली वेल, मापाचा अंदाज नाही, मुदत नाही आणि समोर वैद्यही नाही, अशा स्थितीत घेतलेल्या काढ्याला वैद्याच्या देखरेखीखालच्या शास्त्रोक्त औषधाची पुण्याई लावता येणार नाही.

म्हणून ज्यांना संधिवाताचा स्वयंप्रतिकार प्रकार, ल्यूपस, सोरायसिस किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार आहे, ज्यांना यकृताचा कोणताही जुना त्रास आहे, ज्यांचे अवयव प्रत्यारोपण झाले आहे आणि जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर गुळवेल आधीच बंद करावी आणि भूलतज्ज्ञाला सांगावे.

मधुमेहींचा मुद्दा वेगळा आणि आपल्याकडे फार व्यापक आहे. गुळवेल रक्तातली साखर उतरवू शकते, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना तिची भर पडली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. आमच्या शेजारच्या काकू साखरेच्या गोळ्यांबरोबर रोज हा काढा घेत असत. सकाळी अकराच्या सुमारास त्यांना घाम फुटे, हात थरथरत, आणि त्या ते उन्हावर ढकलत. मी त्यांना काढ्याविषयी डॉक्टरांशी बोलायला सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, झाडाचंच तर हाय, ते काय औषध हाय का सांगायला?” तपासणीच्या वेळी आपण घेत असलेल्या वनस्पतींची नावे कोणी सांगत नाही, आणि बहुतेक दवाखान्यांत कोणी विचारतही नाही. काकूंनी अखेर सांगितले, डॉक्टरांनी काढा थांबवून साखर पुन्हा तपासली आणि ती अकराची थरथर गेली.

बाटलीबंद रस घेणाऱ्यांनी वेष्टनावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक आहे की तो केवळ खाद्यपदार्थ म्हणून विकला जात आहे, हे पाहावे. वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती बाटली परत ठेवावी.

गुळवेल घेत असताना भूक मरणे, मळमळ, सतत थकवा, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही जाणवले तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. ‘शरीरातली घाण बाहेर पडते आहे’ असे कोणी समजावले तरी तपासणीला उशीर करू नये. उरलेले तुकडे, चूर्णाची पुडी किंवा बाटली फेकून न देता डॉक्टरांकडे न्यावी, कारण नेमकी कोणती वनस्पती पोटात गेली हे त्यावरूनच कळू शकते. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा देशात आहे आणि नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्या वैद्यांना किंवा डॉक्टरांना ही नोंद करण्याची विनंती रुग्णानेच करावी, म्हणजे पुढच्या वादात वेल खरी होती की खोटी, याचा तरी निवाडा करता येईल.