आमची वाटचाल : नऊ पंच आणि ३८० जॉब कार्डं

हिंगणा एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगपासून सुरुवात केली. पुढे एएमसी, म्हणजे मशीनच्या देखभालीचे वर्षाचे करार, घेऊ लागलो, मग गिऱ्हाइकांच्या कारखान्यात मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर बसवून देऊ लागलो. मधली वर्षं बरी गेली. सांगायचा आहे तो एक मे महिना.

एका कारखान्याच्या मालकाला घाई होती, मान मी डोलावली. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या पीएमना, म्हणजे बिघाडाआधीच करायच्या देखभालीच्या कामांना, सुरुवातीची तारीख एकच टाकली. पहिल्याच सकाळी ३८० जॉब कार्डं, म्हणजे एकेका कामाचे कागद, निघाली. फिटर होते ११. एकाने विचारलंही, "मले सांगा साहेब, कागद भरू का मशीन पाहू?" मी म्हणालो, दोन्ही. त्यांनी कागद भरले. बाराव्या दिवशी कॉम्प्रेसर जाम झाला. कार्डावर तेल बदलल्याची टिक होती, सही होती. तेल जुनंच होतं.

स्टोअरची तऱ्हा तीच. एकच बेअरिंग '६२०५ झेडझेड', 'बेअरिंग ६२०५' आणि 'पंपाचं छोटं बेअरिंग' अशा तीन नावांनी चढवलेलं. स्क्रीनवर शून्य, रॅकवर १४ नग. आम्ही बाजारातून आणखी आणत होतो.

बिल अडकलं, पोरांचे पगार थकले, बायकोचे दागिने गहाण पडले. आमच्याच धंद्यातल्या एकाने "पंधरा दिवसांत चालू करून देतो" सांगून ते काम उचललं, वर मशीनची यादी आमचीच वापरली. ४४ अंशांत शेडमध्ये फिरून केलेली यादी! लग्नाकार्यात भेटतो, नमस्कार घालतो. मीही घालतो.

वाचवलं बुटीबोरीच्या एका मेंटेनन्स मॅनेजर साहेबांनी. म्हणाले, "सगळा प्लांट नको. पंप हाऊस करून दाखवा." ४१ पंप-मोटरी होत्या. कॉम्प्युटरला महिनाभर हात लावला नाही. छापील स्टिकर ग्रीस आणि उन्हात सुटतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून त्यांवर पंपांचे नंबर पंचने, म्हणजे टोकाला एकेक आकडा असलेल्या पोलादी ठोकणीने, ठोकले. तो पंचांचा सेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पंच नऊच, सहाचा उलटा धरला की नऊ. आधी स्टोअरची नावं एक केली. मग बंद पडला तर प्लांट थांबतो तो पंप 'अ' वर्गात, स्टँडबाय असलेला 'ब' मध्ये. पीएमच्या तारखा चार आठवड्यांत पसरल्या. कॉम्प्रेसर मात्र कॅलेंडरवर कधीच नाही, चालू तासांवर.

नवीन पोरांनो, कोटेशनमध्ये यादी करण्याचे पैसे वेगळे दाखवा, आणि फिटरला पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नाही. चहाही पाजा.

सहा महिन्यांनी साहेबांनी बॉयलर हाऊस दिलं. पहिल्याच दिवशी त्यांचा फिटर पट्टी घेऊन आला. सोळा नंबरचा पंप, पट्टीवर ठोकलेलं १९. ठोकणारा मीच होतो.