एकशे ऐंशी चिंचोके

आमच्याकडे संध्याकाळी सातवी-आठवीचे अकरा पोट्टे ट्यूशनला येतात. मागच्या वर्षी मला पण गेममधून शिकवायचा किडा चावला होता, मोबाईलवर क्विझ, बरोबर उत्तराला पॉइंट, महिन्याच्या शेवटी चॉकलेट. काय उत्साह होता बाप्पा! पण दोन आठवड्यात लक्षात आलं की हे प्रश्न वाचतच नाहीत, धडाधड ऑप्शन दाबतात, चारातला एक लागतोच कधीतरी. जिंकायचे तेच तिघं, बाकीचे मागे बसून एकमेकांना कोपरं मारायचे. खेळ कसला, लाचच होती ती.

मग यावर्षी इतिहासात आपल्या नागपूरची सीताबर्डीची लढाई आली, इंग्रज विरुद्ध नागपूरकर भोसले. आमच्या पोट्ट्यांसाठी बर्डी म्हणजे मेट्रो बदलायची जागा आणि दिवाळीची खरेदी, बस. म्हणून मी हॉलमध्ये दोन उशा ठेवल्या, एक मोठी टेकडी, एक छोटी, आणि आईच्या डब्यातले चिंचोके काढले. एक चिंचोका म्हणजे शंभर सैनिक. टेकड्यांवरच्या इंग्रजांना 13, खालच्या आप्पासाहेब भोसल्यांना 180, म्हणजे साधारण जेवढे होते तेवढेच. ढीग पाहूनच एक जण म्हणाला, "काकू, हे काय लढाई आहे का, दहा मिनिटात संपते!"

मी म्हटलं, हाव ना, मग भोसले हरले काहून?

अन् सगळे गप्प.

खेळायला लागल्यावर भोसलेवाल्यांना कळलं की चढावर एका वेळी पाचच चिंचोके पुढे नेता येतात (नियम मीच केला होता, थोडी चीटिंग म्हणा), बाकीचे नुसते खाली गर्दी करतात, आणि छोटी उशी हातात आली तर मोठीवर नेम धरता येतो. हे मी सांगितलं नव्हतं बरं का. मग मी खरी गोष्ट सुरू केली: 26 नोव्हेंबर 1817, संध्याकाळपासून गोळीबार, तो रात्रभर चालला, सकाळी छोट्या टेकडीवर इंग्रजांचीच बारूद उडाली, त्या गडबडीत भोसल्यांच्या अरब सैनिकांनी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली... आणि मी पुस्तक मिटलं. उरलेलं उद्या.

ही युक्ती आमच्या आजीसोबत ऐकलेल्या कीर्तनातली. पूर्वरंगात, म्हणजे आधीच्या उपदेशात, अर्धे लोक पेंगायचे, पण उत्तररंगात आख्यान ऐन रंगात आलं की बुवा थांबून गजर सुरू करायचे, आणि पुढे काय झालं म्हणून जीव नुसता वरखाली. मी तर टाळ वाजवायचंच विसरायची.

दुसऱ्या दिवशी पोट्टे वीस मिनिटं आधी हजर! मग सांगितलं, इंग्रजांचं घोडदळ खाली सुटलं, आणि थोड्या वेळाने त्याच छोट्या टेकडीवर अरबांच्या बाजूची बारूद उडाली, टेकडी परत गेली. मागच्या रांगेतला, जो वर्षभर कोपरं मारत होता, तो म्हणाला, "मंजे दोन्ही वेळा बारूदच जिंकली ना काकू."

टेकडीवरचा किल्ला तेव्हा नव्हताच, तो इंग्रजांनी नंतर बांधला, हे ऐकून तर त्यांना धक्काच बसला. आता 26 जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडला की टेकडी बघायला जायचं ठरलंय. त्याआधी नियम बदलायचे आहेत म्हणे, बारूदगाडीचा चिंचोका रंगवायचा आणि तो कुठे आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही.

भोसल्यांचे चिंचोके मात्र आता एकशे सत्तरच भरतात. कोणीतरी भाजून खाल्ले.