कोरडं ऊन, ओला उकाडा

उन्हाळ्याच्या बाबतीत माझं सासरच्यांशी कधी जमलं नाही. माहेर नागपूरचं, सासर ठाण्याचं. मे महिन्यात पारा 35 वर गेला की इथे "काय भयंकर उकडतंय" सुरू होतं. 45 अंशांत शाळेच्या सुट्ट्या काढलेली मी मनात म्हणते, यांनी एकदा भर दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर चक्कर मारून यावी. पण हेही खरं, की ठाण्याच्या 35 अंशांत माझा जीव जितका मेटाकुटीला येतो तितका नागपूरच्या 45 मध्ये आला नव्हता. तिथलं ऊन भाजून काढतं, पण घाम अंगावर टिकत नाही. इथे पंख्याखाली बसूनही मान चिकटच राहते. एसी घ्यायचा तर टन, स्टार आणि ईएमआय यांच्या आधी आपल्या गावचा उन्हाळा कोणत्या जातीचा हे बघावं, असं माझं मत आहे. दुकानात ते कुणी विचारत नाही. तिथे पहिला प्रश्न बजेटचा, आणि उत्तर काहीही दिलं तरी सल्ला ठरलेला, "मॅडम, दीड टन घेऊन टाका."

नागपुरात होळी झाली की गच्चीवरचा कूलर खाली यायचा. पत्र्याचा, अवाढव्य, टाकीला गंज चढलेला. बाबा जुन्या ताट्या काढून नव्या ठोकायचे, पंपात अडकलेला गाळ साफ करायचे, आणि मग खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर त्याची स्थापना व्हायची. पहिल्या झोताबरोबर ओल्या गवताचा वास घरभर पसरायचा. वाळ्याच्या ताट्या असतील तर विचारूच नका. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, एवढंच त्यातलं विज्ञान. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि तितका गारवा जास्त. मेमधल्या दुपारी नागपूरची आर्द्रता बरेचदा 20 टक्क्यांच्याही खाली असते, त्यामुळे दोन-अडीचशे वॉटमध्ये हे यंत्र अख्खी बैठक गार करतं. अट एकच, समोरचं दार उघडं हवं. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर गारवा संपून नुसती ओल उरते. "दार लावू नको, कूलरची हवा कोंडते" हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही आईच्या तोंडी सापडेल. सासरी मी पहिल्या उन्हाळ्यात एसी चालू असताना सवयीने दार उघडं टाकायची, आणि सासूबाई काही न बोलता येऊन ते लावायच्या.

ठाण्यात कूलर चालत नाही तो याच कारणाने. हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी किती पिणार?

आणि इथेच एसीची खरी गंमत आहे. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याची पंचाईत झाली होती. दमट हवेने कागद फुगायचा, हवा कोरडी झाली की आकसायचा, आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसेना. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढण्याची योजना आखली. माणसांच्या सुखाचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता, काळजी कागदाची होती. म्हणजे आधुनिक एसी जन्माला आला तोच मुळी दमटपणाशी भांडायला. आपल्या घरच्या ड्रेन पाइपमधून रात्रभर ठिबकतं ते पाणी आपल्याच खोलीतल्या हवेचं असतं. (आमच्या सोसायटीच्या सभांमध्ये निम्मी भांडणं या पाण्यावरून होतात. वरच्याचं पाणी खालच्याच्या पत्र्यावर, टपटप, रात्री दोन वाजता.)

हे एकदा लक्षात आलं की दीड टनाचा मोह जरा आवरता येतो. टन हे माप बर्फाचं आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॉट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ भुश्यात गुंडाळून जहाजाने मुंबईपर्यंत यायचा, तेव्हा गारवा खरोखरच टनावर विकला जात होता. आता प्रश्न असा, की दहा बाय बाराच्या खोलीत दीड टन बसवला तर बिघडतं काय? बिघडतं ते असं. मोठं यंत्र झटपट गार करतं आणि काम झालं म्हणून कॉम्प्रेसर थांबतो. हवेतलं पाणी निघायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला मिळतच नाही. खोली गार, पण दमट, तळघरात बसल्यासारखी. मग आपण रिमोट 20 वर, 18 वर नेत राहतो. इन्व्हर्टर एसी इथे उपयोगी पडतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर बंद होण्याऐवजी वेग कमी करून हळूहळू चालत राहतो. पण त्यालाही खाली उतरण्याची हद्द असते, त्यामुळे फार मोठा घेतला तर तोही थांबत-चालत बसतो.

अर्थात खोलीही पाहावी लागते. वरचा मजला असेल, गच्चीचा स्लॅब दिवसभर तापत असेल, पश्चिमेची भिंत उघडी असेल, तर त्याच दहा बाय बाराला दीड टन लागू शकतो. पण तशा घरात मी आधी गच्चीला पांढरा रंग द्यायला सांगेन आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा चिक-पडदा लावायला. ते स्वस्त पडतं, आणि त्याचं बिल येत नाही.

बिलावरून आठवलं. पाच स्टारचा घ्यावा की तीनचा, यावर नातेवाइकांत दोन तट असतात. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ते वर्षाला 1600 तास एसी चालेल असं धरून. दीड टनात तीन आणि पाच स्टारमध्ये अडीचशे युनिटांचा फरक असेल आणि युनिट बारा रुपयांना पडत असेल, तर वर्षाचे तीन हजार वाचतात. ज्यांच्या घरी रोज रात्रभर एसी लागतो त्यांनी डोळे मिटून पाच स्टार घ्यावा. आणि एप्रिल-मेच्या रात्री तीन-चार तास लावणाऱ्यांनी तेच गणित दोनशे तासांवर मांडून बघावं, वाचणारे तीन हजार पावणेचारशेवर येतात. महावितरणचे टप्पे मात्र विसरू नका. महिन्याला शंभर युनिटांच्या आत असलेलं घर एसीमुळे तीनशेच्या पुढे गेलं की वरच्या युनिटांचा दर बदलतो. 2020 पासून नवे एसी सुरू करताच 24 अंशांवर लागतात तेही वीज वाचावी म्हणूनच. एकेक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. आमच्याकडे 26 आणि मंद पंखा, यावर तह झाला आहे.

एक गोष्ट दुकानात कुणी काढत नाही, ती म्हणजे आउटडोअर कुठे बसणार. सातव्या मजल्यावर ज्या जागी ते अडकवायला माणूस कंबरेला दोरी बांधून लोंबकळतो, त्याच जागी दर सर्व्हिसिंगला कुणीतरी पुन्हा लोंबकळणार आहे. बाल्कनीतून हात पोहोचेल अशी जागा असेल तर दोन फूट पाइप जास्त लागला तरी चालेल. आणि समुद्राजवळ राहात असाल तर तांब्याची कॉइल आणि तिच्यावरचा गंजरोधक लेप यांची चौकशी नक्की करा, खारा वारा गॅसच्या नळ्या कुरतडतो.

आता नागपुरात माझ्या बाबांनीही एसी घेतला. एक टन, तीन स्टार, भरपूर चौकशी करून. मेमध्ये शेजारीपाजारी बघायला आले तर खिडकीत कूलर गरगरतोय आणि नवा एसी कव्हर घालून बसलाय. लोक हसले. बाबांचा हिशेब पक्का होता. जूनमध्ये पहिले पाऊस पडले की नागपूरची हवाही ओली होते, कूलर घरात नुसती ओल सोडतो आणि सप्टेंबरपर्यंत चिकचिक संपत नाही. त्या महिन्यांसाठी घेतलाय एसी. जुलैत फोन केला तेव्हा रिमोटवरचं, हवेतला दमटपणा काढणारं 'ड्राय'चं बटण त्यांना सापडलं होतं, आणि आईचं म्हणणं होतं की घरातले पापड यंदा पहिल्यांदा सादळले नाहीत.