सॉइल हेल्थ कार्डात शिसं नसतं

इंदूरच्या देवगुराडिया ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे कचरा डेपोवरचा, जुन्या कचऱ्याचा डोंगर 2018 मध्ये बायोमायनिंगने (जुना कचरा खणून, चाळून, वेगळा करून) हटवला. इंदूरकरांना त्याचा अभिमान वाटणं योग्यच आहे. पण कुठल्याही जुन्या डंपखालून शेतात उतरलेले जड धातू कचरा उचलल्याने जात नाहीत, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात.

माळव्याच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) साधारण 7.5 ते 8.5 असतो आणि चिकणमाती भरपूर, त्यामुळे शिसं वरच्या वीतभर थरातच अडकून राहतं. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडही असतात. सोडियम वाढला की मातीचे कण सुटतात, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. क्लोराइडमुळे कॅडमियम विरघळलेला राहतो आणि पालक-मेथी तो सहज उचलतात. भाजी कितीही धुतली तरी पानात शिरलेला कॅडमियम निघत नाही.

फसगत होते ती सॉइल हेल्थ कार्डामुळे, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी माती तपासणीच्या अहवालामुळे. त्यात 12 घटक असतात. शिसं आणि कॅडमियम त्यांत नाहीत. उलट डंपजवळच्या मातीत सेंद्रिय कर्ब, स्फुरद, जस्त जास्त दिसू शकतात आणि रिपोर्ट छान वाटतो. म्हणून लॅबमध्ये शिसं, कॅडमियम, निकेल आणि क्रोमियम वेगळे मागून घ्या, एकूण प्रमाणही आणि डीटीपीए या रसायनाने निघणारं, म्हणजे पिकाला उचलता येण्याजोगं, शिसं-कॅडमियमही.

नमुना गहू निघाल्यावर, पावसाआधी घ्यावा. डंपलगत, मध्ये, आणि चढावरच्या लांबच्या शेतात, असे तीन वेगळे नमुने हवेत. चढावरच्याशी तुलना केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. प्रत्येकी 8-10 ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 सेंटिमीटर खड्डा करून एका बाजूची पातळ चकती काढा, प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, चौथाई करत (चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली तर जस्ताचा आकडा खोटा येतो. विहिरीच्या पाण्याचा क्लोराइड आणि नायट्रेटही त्याच वेळी तपासा.

विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) 15 टक्क्यांवर असेल तर जिप्सम लागतं, पण निचऱ्याचा चर आधी; पाणी वाहून गेलं नाही तर जिप्सम वाया जातं. चुना टाकू नका, ही माती आधीच अल्कधर्मी आहे. धातू जास्त निघाले तर त्या पट्ट्यात पालेभाज्या आणि कंद बंद करून झेंडूसारखं न खाण्याचं पीक घ्या.

शहरी कंपोस्ट विकत घेताना बॅचचा रिपोर्ट मागा: शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते शेतात नको.