कुट्टी मशीनचा स्टँड आणि दोन तिकोन्या

बाबांचं वेल्डिंगचं दुकान आर्वी रोडवर आहे. पुढे वखर, डवरे, ट्रॉलीचे फालके. मागच्या खोलीत माझा लॅपटॉप, कूलर आणि इन्व्हर्टर. आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलेली इथं मी एकटीच, त्यामुळे ड्रॉइंग आलं की हाक मलाच.

मे महिन्यात एका पार्टीनं कडबाकुट्टी मशीनच्या बेअरिंग स्टँडची ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) फाईल पाठवली. आयसोमेट्रिक, म्हणजे तिरक्या रेषांनी तिन्ही बाजू एकाच चित्रात दाखवणारी, सुरेख काढलेली. "हे थ्रीडीत करून दे, मंग पाहू," बाबा म्हणाले. मला वाटलं, दिसतंय तर थ्रीडीच, फिरवलं की झालं. चित्र फिरवून बघायची ऑर्बिट कमांड घेतली, माऊस ओढला, आणि अख्खा स्टँड पापडासारखा आडवा पडला. मागं उभे असलेले वेल्डरकाका म्हणाले, "आवं बाई, हे तं चपटं हाय!"

चपटंच असतं ते. एफ५ दाबून वरची, डावी, उजवी बाजू बदलत कितीही काढा, प्रत्येक बिंदूचा झेड, म्हणजे उंची, शून्यच. ३० अंशांच्या रेषांनी डोळ्याला फसवलेलं असतं, बस. त्यातून आपोआप घन उभा करणारी कमांड नाही. मापं वाचायची आणि नव्यानं बांधायचं.

आणि मापं वाचतानाच मी माती खाल्ली. उभ्या प्लेटला दोन्ही बाजूंनी आधाराला एकेक तिकोनी, म्हणजे त्रिकोणी पट्टी, होती. पायाला ८० मिलिमीटर, उभी ६०, तिरप्या बाजूचं माप दिलेलंच नव्हतं. मी अंतर मोजायच्या डिस्ट कमांडनं मोजलं. उजवीकडची ७२.१ आली, डावीकडची १२१.७. दोन्ही वेगळ्या असतील म्हणून मी तिन्ही बाजू कागदावर लिहून काकांना दिल्या. त्यांनी प्लेट कापली. एक तिकोनी आत झुकली, दुसरी फाकली. काका काहीच बोलले नाहीत. दोन्ही तुकडे टेबलावर आणून ठेवले, तेच जास्त लागलं.

खरं तर दोन्ही सारख्याच. ८० आणि ६० काटकोनात, म्हणजे तिरपी बाजू १००. सातवीतलं गणित! आयसोमेट्रिकमध्ये फक्त उभ्या आणि ३० अंशांच्या दोन दिशांनी माप खरं मिळतं. त्या सोडून गेलेली रेषा एकीकडे आखडते, दुसरीकडे ताणते.

भोकाचंही तसंच. बेअरिंग ६२०५ नंबरचं, बाहेरून व्यास ५२. ड्रॉइंगमध्ये त्याचं भोक लंबगोल दिसतं, लांबट बाजूनं मोजलं तर ६३.७. पण बेअरिंग दुकानात हाती होतं, म्हणून तिथं फसले नाही. मागच्या बाजूचं मात्र चित्रात काहीच कळेना, बोल्टची भोकं आरपार आहेत की नाहीत. पार्टीला फोन केला. आरपार होती.

मग रात्री ऊन उतरल्यावर बसले. बॉक्सनं पायाची प्लेट, त्यावर उभी प्लेट. यूसीएस (काढायचं प्रतल) प्लेटच्या पुढच्या कडेला लावून तिकोनी पॉलीलाईननं काढली, ८ एमएम एक्स्ट्रूड करून जाडी दिली, मिररनं दुसरी. ५२ चं वर्तुळ एक्स्ट्रूड करून सबट्रॅक्ट, म्हणजे प्लेटमधून वजा. पाऊण तासात उभं राहिलं. आता ऑर्बिट केलं तरी स्टँड स्टँडच राहतो.

सकाळी बाबांना फिरवून दाखवलं. ते म्हणाले, "हे फिरतं राहू दे, मले कागद दे."

म्हणजे पुन्हा आयसोमेट्रिकच! थ्रीडीवरून सपाट चित्र काढणारा फ्लॅटशॉट मारला तर पायाची ८० ची बाजू ६५.३ आली, कारण खऱ्या प्रक्षेपणात तिन्ही दिशा तेवढ्याच आखडतात. १.२२४७ नं स्केल केलं, तेव्हा मापं जुळली. तिकोन्यांच्या तिरप्या बाजूंवर १०० हा आकडा दोनदा टाकला. खाली ठळक अक्षरात लिहिलं: "काका, पट्टी लावून मोजू नका."