खाडे धरता का?

भुसावळ, जळगाव, धुळे, कुठेही स्टेशनबाहेर किंवा बस स्टँडसमोर मान वर केली की एक तरी पाटी दिसतेच: 'लॉजिंग अँड बोर्डिंग'. त्यातलं लॉजिंग खरं. बोर्डिंगचं विचारलं तर काउंटरवरचा माणूस रस्त्यापलीकडच्या भोजनालयाकडे बोट दाखवतो. खोलीच्या भाड्यात जेवण धरायचे दिवस गेले; पाटी रंगवणाऱ्याला ते कोणी कळवलेलं नाही.

'बोर्डिंगात राहून शिकला' म्हटलं की गोष्ट वेगळी. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. तशी समाजासमाजाची बोर्डिंगं पुढे इतरत्रही निघाली. तिथे राहणं-जेवणं एकत्रच.

आता खोली एकीकडे, मेस दुसरीकडे. चोपडा-यावलहून जळगावला शिकायला आलेल्या पोराने दर विचारण्याआधी खाड्यांचं विचारावं, म्हणजे न जेवलेल्या वेळांचे पैसे वजा होतात का ते. महिन्याची दोन वेळची ताटं ६०. रविवारी रात्री मेस बंद, म्हणजे उरली ५६. समजा महिना २,८०० रुपये, तर ताट पडलं ५० ला. पण दर शनिवारी संध्याकाळची एसटी धरून गावी जाणाऱ्याची आठ ताटं आणखी बुडतात आणि तेच ताट ५८ च्या वर जातं. एक-दोन वेळचे खाडे सहसा धरत नाहीत. सलग तीन-चार दिवस जाणार असाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल, तरच वहीत नोंद होते. मेसवाल्याचंही चूक नाही. कणीक माणसं मोजून भिजते. वरण उरलं तर रात्री फोडणी देऊन खपतं, पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी खायला त्याचीच पोरं.

मेस पारखायची तर शेवभाजीच्या वारी जावं. शेव जाड आणि तिखटच हवी. ती आधीच पातेल्यात पडली तर पंगत बसेपर्यंत लगदा होतो. जाणकार मेसवाला वाटीत कोरडी शेव घालतो आणि वाढताना वरून काळ्या मसाल्याचा उकळता रस्सा ओततो. नुसती तर्री लाल दिसली म्हणून भुलू नये.

हिवाळ्यात आणखी एक विचारून घ्यावं: भरिताचं ताट महिन्यात धरलंय की वेगळं? कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात कुटायची, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी थापायची. एवढा खटाटोप म्हणून काहीजण त्याचे जास्तीचे पैसे लावतात. लावले तर द्यावेत.