शेजारच्या इमारतीचा आडोसा

गिरणगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून पश्चिमेला दिसायची ती करवतीच्या दात्यांसारखी गिरण्यांची छपरे आणि त्यांतून वर गेलेली धुराडी. संध्याकाळी वरळीकडून सुटणारा वारा त्या छपरांवरून सरळ गच्चीवर येई. आता त्याच जमिनींवर साठ-सत्तर मजल्यांचे टॉवर उभे आहेत, आणि तो वारा आज त्यांच्यापर्यंत कसा पोहोचतो हे शोधण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझा बराच वेळ जातो.

आयएस ८७५ या, इमारतींवरच्या भारांसाठीच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. मोकळ्या भूभागावर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सरासरी ५० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला तीन सेकंदांचा झोत, असा त्याचा अर्थ आहे. भोवतालचा परिसर कसा आहे यावर हा वेग बदलतो. मानकाने भूभागाचे चार वर्ग केले असून १० मीटर उंचीवर खुल्या समुद्रकिनाऱ्यासाठी गुणक १.०५, मोकळ्या रानासाठी १.०० आणि उंच इमारतींच्या दाटीसाठी ०.८० आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढत असल्याने, मोकळ्यावर दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन असलेला दाब दाट वस्तीत ७४० च्या आसपास उतरतो. म्हणजे शहर वाढले की वारा मंदावतो आणि इमारतीचे काम हलके होते, असा समज कोणाचाही होईल. कागदावर तो चुकीचाही नाही.

मात्र हा दिलासा खालच्या मजल्यांपुरताच असतो. जसजसे वर जावे तसतसे चारही वर्गांचे गुणक एकमेकांच्या जवळ येतात. कॅनडाचे अभियंता अॅलन डेव्हनपोर्ट यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या आकड्यांनुसार मोकळ्या प्रदेशात जमिनीच्या खडबडीतपणाचा परिणाम सुमारे २७० मीटरपर्यंत, तर मोठ्या शहरावर सुमारे ५२० मीटरपर्यंत जाणवतो. हा थर एका क्षणात तयार होत नाही; वाऱ्याला शहरावरून कित्येक किलोमीटर वाहत यावे लागते. मुंबई बेटाची पूर्व-पश्चिम रुंदी जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे. त्यामुळे पश्चिमेकडून आलेला वारा वरळी ओलांडून परळला पोहोचतो तेव्हा त्याचा खालचा भाग शहराचा आणि वरचा भाग अजून समुद्राचाच असतो. उत्तरेकडून, उपनगरांवरून येणारा वारा वेगळा. एकाच इमारतीला दिशेप्रमाणे वेगळा वर्ग लावावा लागतो तो याच कारणाने.

खरी गुंतागुंत मात्र सरासरी परिसराची नसून नेमक्या शेजाऱ्याची आहे. समोर उभा असलेला टॉवर वाऱ्याचा थेट रेटा अडवतो हे खरे, पण त्याच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि मागच्या इमारतीला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ढकलतात. समजा, समोरचा टॉवर ३० मीटर रुंद आहे आणि वरच्या उंचीवर वारा सेकंदाला ४५ मीटर वेगाने वाहत आहे. भोवरे किती वेळा सुटतात हे ठरवणारा, चौकोनी आकारासाठी नेहमीचा ०.१ हा गुणांक घेतला, तर भोवऱ्यांचे एक आवर्तन साधारण पावणेसात सेकंदांत पूर्ण होते. पावणेतीनशे-तीनशे मीटर उंच काँक्रीटच्या इमारतीचा डोलण्याचा काळही सहा-सात सेकंदांच्या आसपास असू शकतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखे हे घडते. शेजारी थोडा एका बाजूला सरकलेला असेल तर इमारतीला पीळही पडतो, आणि पिळाची गणिते मला नेहमीच जास्त छळतात.

याचा सर्वांत कठोर धडा इंग्लंडमध्ये मिळाला. १ नोव्हेंबर १९६५ रोजी फेरीब्रिज वीज केंद्रातील आठ शीतक मनोऱ्यांपैकी तीन वादळी वाऱ्यात कोसळले. हे तिन्ही मनोरे मागच्या रांगेतले, म्हणजे आडोशाला उभे असलेले होते. मनोऱ्यांची चाचणी एकेकटा मनोरा धरून झाली होती, समूहाची नव्हे. शिवाय झोतांऐवजी वाऱ्याचा सरासरी वेग हिशेबात घेतला होता. आपल्याकडे २०१५ च्या सुधारित मानकाने उंच इमारतींसाठी शेजाऱ्यामुळे वाढणाऱ्या भाराचे गुणक दिले आहेत. शेजारी सर्वांत प्रतिकूल टापूत असेल तर १.३५, दूरच्या टापूत १.०७. मात्र दाटीवाटीच्या शहरात हे ढोबळ गुणक अपुरे पडतात आणि विंड टनेलची, म्हणजे बोगद्यात कृत्रिम वारा सोडून मॉडेलवर घ्यायची चाचणी करावी लागते.

तिथे फिरत्या तबकडीवर आपल्या इमारतीचे मॉडेल आणि भोवतालच्या सुमारे अर्ध्या किलोमीटरमधल्या सर्व इमारती मांडतात व तबकडी दहा-दहा अंशांनी फिरवत मोजमाप घेतात. एका प्रकल्पात मी मालकाकडे दोन मांडण्यांचा आग्रह धरला होता: एक आजच्या परिसराची, दुसरी शेजारच्या दोन जुन्या चाळींच्या जागी टॉवर येतील असे धरून. ‘जे बांधलेलेच नाही त्याचा खर्च आम्ही का करायचा?’ असा प्रश्न आला आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. दुसऱ्या मांडणीत थेट रेटा कमी झाला, पण आडवे डोलणे इतके वाढले की वरच्या मजल्यांवर निवासी इमारतींसाठीची ०.१५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही त्वरणाची मर्यादा ओलांडली गेली. इमारत पडली नसती. पण वादळाच्या रात्री वर राहणाऱ्यांना मळमळले असते. आम्ही कोपरे तासले आणि दोन शिअर वॉल, म्हणजे आडवा रेटा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, जाड केल्या. त्या चाळींपैकी एक आता रिकामी झाली आहे आणि तिच्याभोवती पत्रे लागले आहेत.